मस्तानी, रमाबाई आणि मैत्रिणींमध्ये फिरणाऱ्या दोन कादंबऱ्या

मागच्या अंकात ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'चा, बाजीराव पेशवे आणि मस्तानीवरच्या कादंबरीचा, नुसता उल्लेख केला होता, की असली कादंबरी एकटीने वाचून कपाटात ठेवण्यापेक्षा दोघीतिघींनी हातोहात फिरवून वाचावी, आणि त्यावर इतकी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मेसेज आले की या महिन्यात बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून फक्त यावरचेच घेतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, बऱ्याच पत्रांत जवळच्या मैत्रिणीबद्दल लिहिलंय आणि कुणाचं मन दुखवायचं नाहीये.

ताई, मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आम्ही एकच 'राऊ' आळीपाळीने वाचली. माझी वाचून झाली, तिला दिली, आणि आता रोज फोनवर वाद. ती काशीबाईंच्या बाजूने, मी मस्तानीच्या. ती म्हणते लेखकाने मस्तानीला इतकं जीव लावून रंगवलंय की काशीबाईंवर अन्यायच झालाय. मी म्हणते, जे घडलं तेच लिहिलंय ना. खरं काय आहे? मस्तानी नक्की कोण होती? — एक वाचक, डोंबिवली

वाद चालू ठेवा, थांबवू नका, पण 'जे घडलं तेच लिहिलंय' हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य नाही आणि सगळी गंमत तिथेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

पक्कं काय माहितीये ते आधी बघू. बुंदेलखंडचा राजा छत्रसाल म्हातारपणी मोगल सरदार महंमदखान बंगशाच्या तावडीत सापडला, त्याने बाजीरावांना हाक दिली आणि १७२९ मध्ये बाजीराव तिकडे धावून गेले, बंगशाला माघार घ्यावी लागली, छत्रसालाने बाजीरावांना मुलगा मानलं आणि राज्यातला हिस्सा दिला. मस्तानी या बुंदेलखंडच्या संबंधातून आली असं साधारणपणे धरतात. आता ती छत्रसालाची मुस्लिम आईपासून झालेली मुलगी होती की दरबारातली कलावंत होती, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही, आणि कुणी तुम्हाला छातीठोकपणे एकच उत्तर सांगत असेल तर तो आपली आवड सांगतोय असं समजा. पुढचं बरंच नक्की आहे. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० चा, तिथे मस्तानीचं राहणं होतं, १७३४ मध्ये तिला मुलगा झाला, समशेरबहादूर. आणि त्याच १७३४ मध्ये बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंना रघुनाथराव झाले. म्हणजे एकाच घरात एकाच वर्षी दोघींच्या कुशीत बाळ होतं, आणि मला विचाराल तर सगळ्या कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे एका बाजूला आणि ही एक नोंद एका बाजूला, या एका वर्षाबद्दल तुम्ही दोघींनी बसून बोललात तरी एक अख्खी दुपार पुरणार नाही.

मग १७३९ अखेर ते १७४० चा काळ. घरातला विरोध इतका वाढला की बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलं गेलं, बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा आणि मुलगा नानासाहेब यात होते. त्याच सुमाराला, फेब्रुवारी १७४० मध्ये, रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावभाऊंचं लग्न. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले, वय चाळीसही पूर्ण नव्हतं, आणि पाठोपाठ त्याच वर्षी मस्तानीही गेली. ती कशाने गेली, विष घेतलं की आणखी काही, हे ठामपणे कुणालाच सांगता येत नाही.

आता हे सगळं कशावरून कळतं, तर पुण्यातल्या पेशवे दफ्तरातल्या कागदांवरून आणि त्या काळच्या इतर पत्रांवरून. गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्या दफ्तरातली निवड संपादित करून ४५ खंडांत छापली. या कागदांत मस्तानी कशी येते? तिला कुठे ठेवायचं, सोडायचं की नाही, सोडली तर राव काय करतील, अशी. म्हणजे दुसरे लोक तिच्याबद्दल बोलतायत. तिचा स्वतःचा आवाज नाही. आणि तुमच्या मैत्रिणीला हे नक्की सांगा की काशीबाईंचाही नाही. चासच्या जोशी सावकारांची मुलगी, पेशव्यांच्या घरात आलेली, नवरा वीस वर्षं पेशवेपदावर आणि त्यातला बहुतेक काळ घोड्यावर, घरात एवढं मोठं वादळ, आणि तिला तेव्हा काय वाटलं याची एक ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही.

कादंबरीकार त्या रिकाम्या जागेत शिरतो. इनामदारांनी कागद भरपूर वाचलेले होते, पेशवाई हा त्यांचा आयुष्यभराचा विषय, त्यामुळे मोहिमा, तारखा, माणसं यांचा सांगाडा भक्कम आहे. पण बंद दाराआड दोन माणसं एकमेकांशी जे बोलतात ते कुठल्याच कागदात नसतं, ते लेखकाचं, आणि 'राऊ'मध्ये आपल्याला जे सगळ्यात जास्त आवडतं, आठवतं, ज्यावर आपण रडतो, ते नेमकं हेच. यात लेखकाने फसवलेलं नाही, कादंबरी हे कामच ते आहे, फक्त वाचताना आपल्याला ते माहीत असावं.

म्हणून एक करा. पुन्हा वाचाल तेव्हा हलक्या पेन्सिलने समासात एक छोटी खूण, जिथे जिथे मनात येईल की 'हे त्या वेळी कुणी ऐकलं असेल?'. तुमची खूण एक, मैत्रिणीची वेगळी. मग दोघींच्या खुणा जुळवून बघा. मला खात्री आहे की मस्तानीच्या प्रसंगांत तुमच्या खुणा कमी निघतील आणि काशीबाईंच्या प्रसंगांत तिच्या, कारण जे पात्र आपल्याला आवडतं त्याच्या तोंडचं सगळं आपल्याला खरं वाटतं. आणि वादात तिच्या बाजूने एक मुद्दा माझ्याकडून: आईवडील दोघं गेल्यावर सहा वर्षांचा समशेरबहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला, सरदार झाला, १७६१ च्या पानिपतात मराठ्यांकडून लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. ज्या घराने त्याच्या आईला कोंडलं त्याच घराने त्याला वाढवलं, आणि त्या घरात काशीबाई होत्या. याचा अर्थ काय लावायचा ते तुम्ही दोघी ठरवा, मी माझा अर्थ तुमच्यावर लादत नाही.

मॅडम, माझं 'स्वामी' शेजारच्या ताईंनी नेलंय, वर्ष होत आलं. त्या रोज भेटतात, छान बोलतात, पुस्तकाचं नाव काढत नाहीत. मला मागायला संकोच वाटतो. ते आईने मला दिलेलं पुस्तक आहे. — एक वाचक, सांगली

मागा. आजच मागा. 'ताई, ते आईचं पुस्तक आहे, मला परत हवंय, तुमचं वाचायचं राहिलं असेल तर मी दुसरी प्रत मिळवून देते' एवढं सरळ बोललात तर कुणी चांगलं माणूस दुखावत नाही, उलट बऱ्याचदा समोरच्यालाच हायसं वाटतं कारण त्यांनाही आता इतक्या दिवसांनी कसं परत करायचं हा प्रश्न पडलेला असतो. आणि यापुढे आईने दिलेली, सही केलेली, वडिलांच्या अक्षरातलं नाव असलेली प्रत बाहेर द्यायचीच नाही, फिरवायला दुसरी प्रत घ्यायची. रणजित देसायांची ही 'स्वामी', माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, १९६२ पासून सतत छापली जातेय, जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळते, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर फिरलात तर बहुतेक मिळूनच जाईल. द्यायच्या प्रतीत पहिल्या पानावर नाव आणि फोन नंबर, आणि घरात एक वही, कुणी काय नेलं कधी नेलं. जाड कादंबरी आहे, नोकरी करणाऱ्या, घरात लहान मुलं असणाऱ्या बाईला दोन महिने सहज लागतात, तेवढा वेळ द्या, मध्ये 'झालं का वाचून' असं विचारण्यापेक्षा 'कुठपर्यंत आलात' विचारा, त्यातून गप्पा सुरू होतात आणि पुस्तकही आठवणीत राहतं.

आमच्या वाचक मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीने 'राऊ'ची पीडीएफ टाकली. दुसरी म्हणाली हे चोरी आहे, डिलीट कर. पहिली म्हणाली मग आपण एकमेकींना पुस्तक देतो तेही चोरीच की. ग्रुप दोन दिवस शांत आहे. कोण बरोबर? — ग्रुपची ॲडमिन, ठाणे

दुसरी बरोबर आहे, आणि पहिलीचा प्रश्न वाईट नाहीये, त्याला नीट उत्तर आहे. तुम्ही विकत घेतलेली छापील प्रत तुमची आहे, ती तुम्ही मैत्रिणीला द्या, विका, वाचनालयाला भेट द्या, कायद्याला काही अडचण नाही, कारण प्रत एकच राहते, ती फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पीडीएफ फॉरवर्ड केली की नवीन प्रत तयार होते, ग्रुपमध्ये पन्नास जणी असतील तर पन्नास प्रती, आणि प्रती काढायचा हक्क लेखकाचा, त्याच्या वारसांचा, प्रकाशकाचा असतो. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. इनामदार २००२ मध्ये गेले, म्हणजे 'राऊ' २०६२ संपेपर्यंत. रणजित देसाई १९९२ मध्ये गेले, म्हणजे 'स्वामी' २०५२ संपेपर्यंत.

मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या किती लहान निघतात हे तुम्हाला माहीत असेलच. एका ग्रुपवरची एक पीडीएफ पुढे दहा ग्रुपवर जाते आणि मग ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली असती ती निघत नाही, हे नुकसान आपल्याच भाषेचं आहे, मला याचं खरंच वाईट वाटतं म्हणून जरा कडक बोलतेय. ज्यांना फोनवरच वाचायचंय त्यांनी अधिकृत ईबुक मिळत असेल तर घ्यावं, किंवा वाचनालयाचं सभासद व्हावं. तुम्ही ठाण्याच्या आहात, तुमच्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, त्याच्याइतका मोठा आधार जवळ असताना पीडीएफची गरज काय.

आणि ग्रुपवर काहीतरी टाकायचंच असेल तर हक्क संपलेली पुस्तकं टाका की. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ ची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात ती, आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या, हरिभाऊ १९१९ मध्ये गेले. भाषा जुनी आहे, पहिली वीसपंचवीस पानं जड जातील, पण 'उषःकाल' एकदा पकडली की सुटत नाही. ज्या मैत्रिणीने पीडीएफ टाकली तिलाच हे शोधायचं काम द्या, तिला वाचायची ओढ आहे म्हणूनच तिने टाकली होती ना, तिला ग्रुपमधून तोडू नका.

आजीची 'राऊ' आहे, खूप जुनी छपाई, पानं पिवळी आणि कडेने तुटतायत, पुठ्ठा सुटलाय. मैत्रिणी वाचायला मागतात. सेलोटेप लावून देऊ का? — एक वाचक, अमरावती

सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग तो डाग कधीच निघत नाही, टेप सुटते आणि सोबत अक्षरंही घेऊन जाते. सुटलेला पुठ्ठा आणि विस्कटलेली शिवण यासाठी जुन्या पद्धतीने दोऱ्याने शिवून बांधणी करणारा बाइंडर शोधा, वाचनालयात चौकशी केली की नाव मिळतं, कारण त्यांची पुस्तकं कुणीतरी बांधतंच असतं. त्याला एवढंच सांगा की कडा कापू नका. बाइंडर पुस्तक सरळ दिसावं म्हणून तिन्ही बाजूंनी मशीनवर कापून देतात आणि जुन्या पुस्तकाचा समास आधीच कमी असतो. घरच्या घरी फाटलेलं पान जोडायचं असेल तर पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची पातळ खळ, अगदी थोडी, आणि वरून वजन ठेवून पूर्ण वाळू द्या, ओलं राहिलं तर बुरशी येते. कसर लागली असेल तर पुस्तक वेगळं काढून पान न् पान मऊ ब्रशने झाडा, वाऱ्याला सावलीत ठेवा, कडक उन्हात नको, कागद आणखी कडक होतो.

आणि एवढं करून ती प्रत मैत्रिणींना देऊ नका. घरी बोलवा, चहा करा, इथे बसून बघा म्हणा. वाचायला नवी प्रत द्या.

मी २४ वर्षांची आहे. मावशीने मला 'स्वामी' दिली, म्हणाली यासारखी प्रेमकथा मराठीत नाही. मला माधवराव-रमाबाईंचे प्रसंग खूप आवडले पण शेवटी रमाबाई सती जातात आणि मावशी त्यालाच प्रेमाची परिसीमा म्हणते. मला नाही पटत. हे बोलले तर मावशी दुखावली. आता तिच्याशी पुस्तकावर बोलायचंच नाही का? — एक वाचक, कोल्हापूर

बोलायचं, आणि अगदी हेच बोलायचं. तुला जे खटकलं ते खटकायलाच हवं होतं.

मावशीची बाजू आधी घेते, कारण तिच्या पिढीला 'स्वामी' काय होती हे तुला माहीत नसेल. १९६२ मध्ये पुस्तक आलं, १९६४ चं साहित्य अकादमी मिळालं, आणि पुढे १९८७ च्या सुमाराला दूरदर्शनवर मालिका आली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव, घराघरांतून लोक बघायचे. पानिपतचा पराभव, मग सोळा वर्षांचा पोरगा पेशवा होतो, काका रघुनाथराव घरातच विरोधात उभे, हैदर आणि निजाम बाहेर, आणि त्यातून तो राज्य पुन्हा उभं करतो आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने जातो. या सगळ्यात रमाबाईंच्या वाट्याला नवरा किती आला असेल? कादंबरीने तो थोडासा वाटा मोठा करून दाखवला आणि नवराबायकोच्या हळुवार प्रेमाला इतिहासाच्या कादंबरीत मानाची जागा दिली, म्हणून त्या पिढीच्या बायकांनी ती छातीशी धरली. मावशी जेव्हा 'परिसीमा' म्हणते तेव्हा तिला बहुतेक ते हळुवारपण म्हणायचं असतं, चिता नाही. एकदा विचारून बघ.

आता तुझी बाजू. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव वारले आणि रमाबाई तिथेच सती गेल्या, हे लेखकाने रचलेलं नाही, घडलेलं आहे, तिथे नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. पण त्यांच्या मनात काय होतं ते मात्र पुन्हा लेखकाचंच, वर डोंबिवलीच्या मैत्रिणीला जे लिहिलंय ते इथेही लागू. आणि एक गोष्ट मावशीसमोर नक्की ठेव. पेशव्यांच्या घरातली प्रत्येक विधवा सती गेलेली नाही. बाजीराव गेल्यावर काशीबाई सती गेल्या नाहीत, पुढे कितीतरी वर्षं जगल्या. नानासाहेब गेल्यावर गोपिकाबाई, म्हणजे रमाबाईंच्या सासूबाई, सती गेल्या नाहीत, पुढच्या पाव शतकाहून जास्त काळ राहिल्या आणि कारभारावर मतंही देत राहिल्या. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी तर नवरा गेलाय हे मानायलाच नकार दिला आणि सौभाग्यलेणं तसंच ठेवलं. या तिघींनी नवऱ्यावर कमी प्रेम केलं असं मावशी म्हणेल का? मला नाही वाटत. मग सती जाणं हे प्रेमाचं माप कसं होईल, हा प्रश्न तू तिला वाद म्हणून नाही, तिच्यासोबत विचार करायला म्हणून विचार. १९८७ च्या कायद्याने तर सतीचा गौरव करणं हाही आपल्याकडे गुन्हा आहे, म्हणजे तुझी अस्वस्थता ही आजकालच्या पोरींचं खूळ नाहीये, देशाने विचार करून घेतलेली भूमिका आहे.

आणि मावशीला बदल्यात तू एखादं पुस्तक दे. नेहमी मोठ्यांनीच लहानांना पुस्तकं द्यायची असं काही नाही. इनामदारांची 'शिकस्त' पार्वतीबाईंवर आहे, ती दोघींनी मिळून वाचा, बोलायला पुरून उरेल.

सर/मॅडम, मी पुरुष वाचक. 'राऊ' मित्राला दिली तर तो हसला, म्हणाला लव्हस्टोरी बायकांना दे, मला लढाया हव्यात. याला काय सांगू? — एक वाचक, लातूर

त्याला सांगा की हा तोच बाजीराव आहे ज्याने १७२८ मध्ये पालखेडला निजामाला पाण्यावाचून कोंडून शरण आणलं आणि १७३७ मध्ये दिल्लीच्या दारात जाऊन उभा राहिला. आधी त्याला पालखेड समजावून सांगा, नकाशा काढून, औरंगाबाद कुठे, गोदावरी कुठे, बाजीराव कसा फिरला. मग विचारा की असा माणूस, ज्याच्यापुढे निजामाचं काही चाललं नाही, त्याचं स्वतःच्या घरात का चाललं नाही? तो पुस्तक मागून घेईल. लढाई आणि घर असं वेगळं काढता येत नाही, शेवटच्या मोहिमेवर असताना त्याच्या पाठीमागे पुण्यात काय चाललं होतं हे कळल्याशिवाय रावेरखेडीचा तो शेवटही नीट कळत नाही.

आम्ही मस्कतला राहतो, सहा मैत्रिणी आणि एकच 'राऊ'. भारतातून आणखी प्रती मागवायच्या तर खर्च फार येतो. काही मार्ग? — एक वाचक, मस्कत

पोस्टाने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' नावाची स्वस्त सेवा १ मे २०२५ पासून सुरू केलीये, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १००, पण ती देशातल्या देशात. तुमच्यासाठी उपयोग असा की पुण्याहून किंवा कोल्हापूरहून पुस्तकं मुंबईच्या नातेवाईकाकडे जमा करायची आणि जो कुणी सुट्टीहून परत येतोय त्याच्या बॅगेत चारपाच द्यायची. दुसरं, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना आहे, पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांत फिरतात, आणि त्या दुबईसारख्या ठिकाणीही गेल्यात, चौकशी करून बघा.

तोपर्यंत एक प्रत पुरे आहे की. दर आठवड्याला एकीच्या घरी जमा, एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पूर्वी वाड्यांमधून पोथ्या, कादंबऱ्या अशाच वाचल्या जायच्या, एक वाचणारी आणि दहा ऐकणाऱ्या. इनामदार आकाशवाणीवर नोकरीला होते, त्यांच्या संवादांना कानाची चांगली जाण आहे, मोठ्याने वाचलं की ते जास्त कळतं. ज्या प्रसंगावर वाचणारीचा आवाज अडकेल तिथे थांबा आणि चहा घ्या, उरलेलं पुढच्या आठवड्यात.

आम्ही चौघी मैत्रिणींनी 'राऊ' आणि 'स्वामी' दोन्ही वाचून झाल्यात. आता त्या जागा बघायच्यात. पुण्यापासून एक-दोन दिवसांत काय होईल? मुलं बरोबर नाहीत, गाडी आहे. — एक वाचक, पुणे

वा, हे पत्र वाचून मलाच निघावंसं वाटलं. दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघून राजगुरुनगरजवळ चास, भीमेकाठचं, काशीबाईंचं माहेर. तिथला घाट आणि सोमेश्वराचं देऊळ बघा, घाईने फोटो काढून निघू नका, ही मुलगी इथून निघून कुठल्या घरात गेली ते तिथे बसून जरा मनात आणा. तिथून शिरूरच्या रस्त्याला पाबळ, मस्तानीची समाधी. दोघींच्या जागा एकाच रस्त्यावर, तासाभराच्या आत, एकाच दिवसात दोन्ही बघता येतात हे फार थोड्या लोकांच्या लक्षात येतं, लोक पाबळला जातात आणि चास राहून जातं. पाबळची जागा अगदी साधी आहे, काही भव्य बघायला मिळेल म्हणून जाऊ नका, गावातल्या लोकांची श्रद्धा आहे तिथे, तेव्हा चपला काढून, हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेऊर, पुण्यापासून पंचवीसेक किलोमीटर. चतुर्थी टाळा, चिंतामणीला इतकी गर्दी असते की माधवरावांचा विचारही करता येणार नाही. देवळातून नदीकडे उतरून रमाबाईंचं वृंदावन बघा. दुपारी परत शहरात, राजा दिनकर केळकर संग्रहालय, तिथे कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून दालन उभं केलंय, लाकूडकाम बघत राहावं असं आहे. शनिवारवाडा तुम्ही पुण्याच्याच, लहानपणापासून बघितलेला असणार, पण आता पुन्हा जा आणि मस्तानी दरवाज्यापाशी थांबा. आतली इमारत १८२८ च्या आगीत गेली, उरलेत ते जोते आणि तटबंदी, तेव्हा कुठल्या दालनात काय घडलं ते जोत्यांवरूनच अंदाजाने लावायचं.

रावेरखेडी मात्र या दोन दिवसांत बसणार नाही. ते मध्यप्रदेशात, खरगोन जिल्ह्यात, सनावदपासून जवळ. इंदूरला कुणी नातेवाईक असतील तर तिथे मुक्काम करा, ओंकारेश्वर आणि महेश्वर त्याच भागात आहेत, तीन-चार दिवसांची छान सहल होते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर जा, आत जायचा रस्ता खेड्यांतून आहे, उजेडात पोचा आणि उजेडात परत या.